विश्लेषण : बीडीडी चाळीच्या भिंतीवरचे बाबासाहेब कोणते?

वरळीच्या बीडीडी चाळी पडत आहेत आणि त्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. जुन्या भिंतींबरोबर त्यांवरची चित्रे, नावे आणि निळे ध्वजही जात आहेत. नव्या संकुलाच्या भिंतीवर या वस्तीचा इतिहास सांगणारे भित्तिचित्र काढायचे ठरले, तर त्याच्या मध्यभागी डॉ. बाबासाहेब आंबेडकर असणार, हे सांगायला नको. प्रश्न आहे तो कोणते बाबासाहेब, हा. निळा कोट, हातात राज्यघटना आणि उंचावलेले बोट ही प्रतिमा देशभर आहे. गिरणगावातले, चाळीतले, परळचे आमदार असलेले बाबासाहेब मात्र या प्रतिमेत सहसा दिसत नाहीत.

बीडीडी चाळी कशा उभ्या राहिल्या?

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची टंचाई तीव्र झाली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झाले. याच खात्याची आद्याक्षरे म्हणजे बीडीडी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून या खात्याने २०७ इमारती बांधल्या. त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि शौचालय सामायिक, अशी ही रचना. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार, पोलीस, पालिकेचे कर्मचारी येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. कुठल्या इमारतीत कुठल्या गावचे आणि कुठल्या समाजाचे लोक राहतात, हे सर्वांना माहीत असे. एकाच मैदानावर कबड्डी खेळणाऱ्या मुलांच्या घरांमध्येही ही अदृश्य रेषा होती. पुनर्विकासाचे काम म्हाडाकडे आहे. वरळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या पहिल्या चाव्या मिळाल्या.

बाबासाहेब बीडीडी चाळीत राहत होते का?

नाही. भित्तिचित्र काढण्यापूर्वी हा गोंधळ दूर व्हायला हवा. बाबासाहेब राहत होते ते परळच्या पोयबावडीतील बीआयटी चाळीत. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ने बांधलेल्या या चाळी. नावे सारखी वाटतात, पण खाती वेगळी आणि काळही वेगळा. मात्र जगण्याची रीत एकच होती. एक खोली, सामायिक नळ, गॅलरी आणि खाली गिरणीच्या भोंग्यावर चालणारा रस्ता.

महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या भीमरावांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. साताऱ्यातल्या शाळेनंतर हे कुटुंब मुंबईत आले आणि परळ भागातल्या डबक चाळीत राहू लागले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागले आणि १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणे ही तेव्हा सभा भरवण्याजोगी गोष्ट होती. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुस्कर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाला भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा केळुस्करांच्या नजरेत आधीच भरला होता. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याला नेणारेही केळुस्करच. बोले यांचे नाव आज दादरच्या रस्त्याला आहे. पण तेथून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना या सभेची आठवण असेल?

चाळीतला विद्यार्थी न्यूयॉर्कला कसा पोहोचला?

रमाबाईंशी लग्न झाले ते भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर मोकळ्या झालेल्या छपराखाली. भीमराव त्यानंतर एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. विद्यापीठाला लागूनच हार्लेम. दक्षिणेकडच्या राज्यांमधून आलेल्या कृष्णवर्णीयांची वस्ती तेथे वाढत होती. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारी व्यवस्था एकट्या हिंदुस्थानात नाही, हे या शहरात राहणाऱ्या कोणालाही दिसत होते. मे १९१६ मध्ये त्यांनी विद्यापीठातल्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा ते पंचविशीत होते.

गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना महाराष्ट्राला नवी नव्हती. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते. बाबासाहेबांनी हा धागा शेवटपर्यंत सोडला नाही. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे निवेदन गेल्याचे १९४६ मध्ये कळताच त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्याच्या प्रती मागवल्या. भारतातील अस्पृश्यांनीही तोच मार्ग धरावा का, हा विचार त्यामागे होता. डू बॉइस यांनी सहानुभूतीने उत्तर दिले आणि मदतीची तयारी दाखवली.

परळच्या दोन खोल्यांत काय घडले?

लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये ते परतले ते बडोदा संस्थानाची नोकरी करण्यासाठी. तेथे राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात नाव लपवून राहावे लागले. ते उघड झाल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. कोलंबियात शिकून आलेला माणूस मुंबईत परत आला तो बीआयटी चाळीतच. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाल्यावरही काही सहकाऱ्यांना त्यांनी सामायिक भांड्यातले पाणी पिणे रुचत नव्हते.

पोयबावडीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकांच्या दोन खोल्या ही त्यांची जागा. एकीत कुटुंब आणि दुसरीत पुस्तके व येणारी-जाणारी माणसे. राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीत आले. महाराजांच्या आर्थिक मदतीने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले. त्यानंतर पुन्हा लंडन, बॅरिस्टरी, रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध आणि १९२३ मध्ये पुन्हा परळ. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना जुलै १९२४ मध्ये झाली. तिचे कार्यालय होते परळच्या दामोदर हॉलमध्ये, चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

या खोल्यांचा हिशेब रमाबाईंना धरल्याशिवाय पुरा होत नाही. नवरा परदेशी असताना संसार त्यांनी ओढला. पाच मुलांपैकी एकटे यशवंत जगले. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला, तेव्हा बाबासाहेब खचून गेले होते. त्यानंतर वर्षभराच्या आत, २० मार्च १९२७ रोजी, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये ज्यांनी मांडला होता, ते हेच सी. के. बोले. मॅट्रिकच्या सत्काराचे अध्यक्ष आणि महाडचा कायदेशीर आधार एकाच माणसाकडून आला होता.

गिरणी कामगारांशी त्यांचे नाते काय होते?

भित्तिचित्रात सहसा जागा न मिळणारा हा भाग वरळीसाठी सर्वात महत्त्वाचा आहे. गिरण्यांमध्ये अस्पृश्य कामगार हजारोंनी होते, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घातल्यावर धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर हातात धरत नसे. विणकाम खात्यात पगार जास्त असल्याने हा विटाळ थेट पोटावर येत होता. बाबासाहेबांनी १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. मालकाविरुद्ध एकजूट मागणाऱ्या पुढाऱ्यांनी आधी कामगारा-कामगारांतली ही भिंत पाडावी, असा त्यांचा आग्रह होता.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, सप्टेंबर १९३२ चा पुणे करार या घटनांनी ते देशाचे नेते झाले. याच काळात दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले गेले आणि चाळीतला संसार संपला. घरात पुस्तकांना प्रशस्त जागा झाली. पण त्या घराचे सुख रमाबाईंना फार काळ लाभले नाही. त्या २७ मे १९३५ रोजी गेल्या. ऑक्टोबरमध्ये येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९३६ मध्ये, त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. या पक्षाचे नाव जातीचे नव्हते, श्रमाचे होते. १९३७ च्या निवडणुकीत ते भायखळा-परळ मतदारसंघातून मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने उभे केले होते ते नामवंत क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना. दलित समाजातलेच दोन मोठे पुरुष गिरणगावात आमनेसामने होते. कायदेमंडळात बाबासाहेबांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला. चाळीतल्या ज्या कामगारांची घरे कोकणात होती, त्यांना खोत म्हणजे काय हे समजावण्याची गरज नव्हती. त्यांत महार होते, तसेच कुणबीही होते.

त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला काय झाले?

संपाच्या हक्कावर बंधने आणणारे औद्योगिक तंटा विधेयक बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने आणले. बाबासाहेबांनी त्याला कायदेमंडळात कडाडून विरोध केला. संप करणे गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला मनाविरुद्ध राबायला लावणे, अशी त्यांची मांडणी होती. कम्युनिस्टांशी त्यांचे मतभेद खोल होते आणि ते त्यांनी कधी लपवलेही नाहीत. तरीही श्रीपाद अमृत डांगे आणि इतर कामगार पुढाऱ्यांबरोबर त्यांनी ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपाची हाक दिली. परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली. संपाच्या दिवशी गिरण्या थांबल्या, पोलिसांशी चकमकी झाल्या. विधेयक अखेर मंजूर झाले. पण लाल आणि निळा, मराठा आणि महार असे गिरणगावचे कामगार एका मागणीसाठी एकत्र रस्त्यावर आले, ही नोंद राहिली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ पासून मजूर खाते सांभाळताना कामगारांच्या आठवड्याच्या तासांवर मर्यादा आणणाऱ्या कायद्यासाठी त्यांनी जे केले, त्याची मुळे या चाळींमध्येच होती.

मुंबईने त्यांना हरवले होते का?

हो, आणि हेही भिंतीवर यायला हरकत नसावी. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि देशाचे पहिले कायदामंत्री असलेल्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल रखडल्यावर १९५१ मध्ये राजीनामा दिला. पहिल्या लोकसभा निवडणुकीत ते उत्तर मुंबईतून उभे राहिले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. स्मारके विजयांची होतात. पण ज्या शहराने त्यांना १९३७ मध्ये निवडून दिले, त्याच शहराने पंधरा वर्षांनी नाकारले, हे लपवून सांगितलेला इतिहास नव्या पिढीला लोकशाहीबद्दल फारसे काही शिकवणार नाही.

नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईत राजगृहावर आणण्यात आले. दुसऱ्या दिवशीची अंत्ययात्रा पोयबावडी, एल्फिन्स्टन पूल, सयानी रोड, गोखले रोड असा गिरणगावचा वळसा घेत दादर चौपाटीवर पोहोचली. लाखो माणसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होती. विद्यार्थी म्हणून ज्या परळमधून ते कॉलेजात गेले, तेथूनच त्यांची शेवटची यात्रा गेली. तेव्हाचा व्हिन्सेंट रोड आज डॉ. आंबेडकर रोड आहे.

वरळीच्या इतिहासात १९७४ का महत्त्वाचे?

बाबासाहेबांच्या पश्चात सोळा वर्षांनी, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी मुंबईत दलित पँथर स्थापन केली. नाव घेतले होते १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षावरून. हार्लेमशेजारी शिकलेल्या माणसाच्या अनुयायांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी जोडलेले नाते असे नव्याने समोर आले. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या आंबेडकर मैदानावर पँथरची सभा होती. मुंबईतील लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्काराची हाक तेथे दिली जात होती. सभा उधळली गेली, पोलिसांनी लाठीमार केला आणि दंगल पेटली. चाळींमध्ये समोरासमोरच्या इमारती एकमेकांवर दगड फेकू लागल्या. १० जानेवारीच्या मोर्चावर परळमध्ये वरून फेकलेल्या दगडाने पँथर कार्यकर्ते भागवत जाधव यांचा बळी घेतला. वरळी-नायगावच्या या दंगलींची चौकशी पुढे न्या. भस्मे आयोगाने केली. १९३८ मध्ये एका संपात उतरलेल्या कामगारांच्या पुढच्या पिढीत ती दरी किती रुंदावली होती, हे त्या दिवसांनी दाखवले.

मग भित्तिचित्र कसे ठरवावे?

अमेरिकेतले एक उदाहरण येथे उपयोगी आहे. शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तीत चित्रकारांच्या गटाने १९६७ मध्ये एका जुन्या इमारतीच्या भिंतीवर आपल्या समाजाच्या थोरांची चित्रे रंगवली. ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या भिंतीवर डू बॉइसही होते. काम सुरू असताना वस्तीतले लोक जमत, बोलत, सुचवत. १९७१ मध्ये आग लागली आणि नंतर ती इमारत पाडली गेली. पण तोवर या कल्पनेतून इतर शहरांमध्ये अशा अनेक भिंती रंगल्या होत्या. मुंबईलाही मोठी भित्तिचित्रे नवी नाहीत. वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळके साकारले गेले.

बाबासाहेबांच्या प्रतिमेचा इतिहासही ध्यानात घ्यायला हवा. कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये, ते हयात असतानाच, त्यांचा आणि जोतीराव फुले यांचा पुतळा उभा राहिला. संसद भवनात पुतळा आला १९६७ मध्ये आणि मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागले १९९० मध्ये. म्हणजे सरकारने स्वीकारण्याच्या कितीतरी आधी लोकांनी त्यांना चौकात आणले होते. बीडीडी चाळींच्या जिन्यांवर, विहारांमध्ये आणि व्यायामशाळांमध्ये लावलेल्या तसबिरी त्याच परंपरेतल्या.

म्हणूनच निर्णय वरून होऊ नये. चित्रकार नेमण्यापूर्वी रहिवाशांची सभा, कच्च्या आराखड्यावर जाहीर चर्चा आणि मजकुरातल्या प्रत्येक तारखेची तपासणी, एवढे तरी व्हावे. बीआयटी आणि बीडीडी यांचा घोळ भिंतीवर कोरला गेला, तर तो पन्नास वर्षे वाचला जाईल. भिंत कोणाच्या मालकीची, परवानगी कोणाची आणि खर्च कोणाचा हे लेखी असावे. वरळीची खारी हवा आणि नैर्ऋत्येचा पाऊस लक्षात घेता थेट झोडपली जाणारी बाजू टाळावी, गिलावा पूर्ण वाळल्याशिवाय रंग लावू नये आणि काही वर्षांनी डागडुजी कोण करणार, तेही आधीच ठरवावे. रंग उडालेले बाबासाहेब हा अपमान वाटतो आणि त्यातून तंटे होतात, हा राज्यातला अनुभव आहे.

राहिला प्रश्न चित्राचा. एकट्या बाबासाहेबांचा भव्य चेहरा काढणे सोपे आहे. त्याला कोणी विरोध करणार नाही आणि त्याकडे कोणी थांबून पाहणारही नाही. त्यापेक्षा ५० नंबरच्या खोलीत दिव्याखाली वाचणारा तरुण, शेजारी रमाबाई, साच्यावर उभा राहण्याचा हक्क मागणारा कामगार, कामगार मैदानावरची १९३८ ची सभा, कोकणातून आलेले शेतकरी आणि भागवत जाधव यांचा तरुण चेहरा, अशी एका मागून एक दृश्ये असतील, तर ती भिंत वरळीचीच वाटेल. शिवाय १९३८ चे दृश्य चाळीतल्या कुठल्याही एका समाजाचे नाही. १९७४ मध्ये एकमेकांवर दगड फेकणाऱ्या दोन्ही बाजूंचे आजोबा त्या गर्दीत होते. आता त्यांची नातवंडे एकाच लिफ्टने वर जाणार आहेत. पूर्वी इमारतीगणिक वेगळी असलेली वस्ती एका टॉवरमध्ये सोडतीने मिसळली जाणार आहे. या भिंतीखाली त्या सर्वांना आपली माणसे दिसावीत, एवढे साधले तर स्मारक सार्थकी लागेल.